नाकारलेले पैसे : काही चित्रपट, काही मते

आपल्या चळवळीने कवितेचा विचार केला, आत्मकथनांचा केला, जलशांचा आणि नाटकांचाही केला. चित्रपटाचा विचार मात्र आपण त्या मानाने फार कमी केला. त्याचे कारण उघड आहे. कविता पाठकोऱ्या कागदावरही होते, चित्रपटाला भांडवल लागते. भांडवल ज्यांच्याकडे होते त्यांनी चित्रपट काढले, आणि आपण तो 'त्यांचा' प्रांत समजून बाजूला ठेवला. आज परिस्थिती बदलली आहे. माझ्या वर्गातला विद्यार्थी पुस्तक विकत घेईलच असे नाही, पण हातातल्या फोनवर तो कोरियाचा, इराणचा, अमेरिकेचा चित्रपट पाहतो आणि दुसऱ्या दिवशी मला त्याविषयी विचारतो. अशा वेळी 'तो आपला विषय नाही' असे म्हणून मोकळे होणे ही शिक्षकाची पळवाट ठरेल.

मी चित्रपटाचा अभ्यासक नाही. मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी महाविद्यालयात मराठी शिकवतो. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. माझा पहिला सिनेमा मी जत्रेत पाहिला, तोही पडद्याच्या मागच्या बाजूला बसून. वस्तीतली सगळी पोरे तिकडेच बसत. अक्षरे उलटी दिसत, नायक डाव्या हाताने मारामारी करी. पुढच्या बाजूने सिनेमा वेगळा दिसतो हे मला पुष्कळ उशिरा कळले. ही हकीगत एवढ्यासाठी सांगितली, की पुढे मी जी मते मांडणार आहे ती त्या मागच्या बाजूला बसलेल्या माणसाची आहेत, हे वाचकाने आधीच ध्यानात घ्यावे. गेल्या काही महिन्यांत विद्यार्थ्यांबरोबर, दर दुसऱ्या रविवारी, मागून आणलेल्या प्रोजेक्टरवर काही चित्रपट पाहिले. त्यांतल्या मोजक्यांविषयी हे टिपण आहे.

पहिला चित्रपट उस्मान सेम्बेन या सेनेगलच्या दिग्दर्शकाचा. १९६६ सालचा. इंग्रजीत तो 'ब्लॅक गर्ल' या नावाने ओळखला जातो. लांबी जेमतेम तासाभराची. डाकार शहरातली दियुआना ही तरुण मुलगी कामाच्या शोधात आहे. गोऱ्या बाईने येऊन आपल्याला निवडावे म्हणून बाया रस्त्याच्या कडेला बसून असतात. बाई येते तेव्हा बाकीच्या तिच्या अंगावर धावतात, दियुआना मागेच राहते. म्हणूनच तिची निवड होते. आपल्याकडच्या मजूरअड्ड्यावर सकाळी सात वाजता जो उभा राहिला असेल, त्याला हे दृश्य समजावून सांगावे लागणार नाही. दियुआना मुले सांभाळण्याचे काम करते, आनंदाने मालकिणीला एक लाकडी मुखवटा भेट देते. पुढे ते कुटुंब तिला फ्रान्समध्ये, आंतीब या समुद्रकाठच्या गावी बोलावून घेते. तिथे सांभाळायला मुले नसतात. स्वयंपाक, भांडी, कपडे, फरशी एवढेच असते. ज्या फ्रान्सची तिने स्वप्ने पाहिली तो फ्रान्स तिला खिडकीतून दिसतो तेवढाच. पाहुणे तिच्या हातचा भात खातात, तिच्याविषयी तिच्यासमोरच बोलतात, एक पाहुणा तर काळ्या बाईचे चुंबन कधी घेतले नव्हते म्हणून उठून तिचे चुंबन घेतो. सेनेगल १९६० साली स्वतंत्र झाला होता. स्वातंत्र्य डाकारला आले, पण आंतीबच्या त्या स्वयंपाकघरात ते पोहोचले नाही, हे सेम्बेन एकही भाषण न करता दाखवतो.

या चित्रपटातले एक दृश्य मला झोपू देईना. आईचे पत्र येते. दियुआनाला वाचता येत नाही, म्हणून मालक ते मोठ्याने वाचतो. आईलाही लिहिता येत नाही, तिकडे कुणीतरी ते लिहून दिलेले आहे. वाचून झाल्यावर मालक कागद घेतो आणि दियुआनाच्या वतीने उत्तर लिहायला बसतो. मी सुखात आहे, मालक-मालकीण चांगली आहेत, या वळणाने. चुकले तर सांग, असेही तिला म्हणतो. माणूस दुष्ट नाही. त्याला मदतच करायची आहे. दियुआना मात्र पत्र फाडून टाकते.

मी पाचवी-सहावीत असताना वस्तीतल्या बायांची पत्रे लिहीत असे. ऊसतोडीला गेलेल्या लेकाला, मुंबईला गेलेल्या नवऱ्याला. शाळेत शिकवलेला मायना घालायचा, मधे मजकूर, खाली 'कळावे'. एकदा एका मावशीने सांगितले, 'लिही, आता माझ्यानं व्हत न्हाई.' मी लिहिले, 'माझी प्रकृती ठीक आहे.' पुस्तकातल्या पत्रात तसेच असायचे, आणि 'माझ्यानं व्हत न्हाई' हे वाक्य पत्रात शोभणार नाही असे मला वाटले. मावशीने खाली अंगठा लावला. पंचवीस वर्षांनी, आंतीबच्या त्या घरात टेबलाशी बसलेला गोरा मालक पाहताना मला तो अंगठा आठवला. आपण शिकलो म्हणजे वस्तीचा आवाज झालो, असे आपण सहज म्हणतो. आवाज होता होता आपण कुणाचा मजकूर बदलला, याचाही हिशेब एकदा व्हायला हवा.

खुद्द सेम्बेनच्या बाबतीतही हा प्रश्न विचारता येतो. दियुआनाचे मनोगत आपण फ्रेंचमध्ये ऐकतो. पडद्यावर एक नटी आहे आणि आवाज दुसऱ्या, हैतीतल्या कलावतीचा आहे. म्हणजे जिला मालकाची भाषा धड बोलता येत नाही ती मनात मात्र अस्खलित फ्रेंच बोलते. माझ्या मते हा या चित्रपटातला उणा भाग आहे. पण सेम्बेन तिथे थांबला नाही. १९६८ सालचा 'मांदाबी' हा त्याचा पुढचा मोठा चित्रपट वोलोफ भाषेत आहे. आपल्या पहिल्या पिढीच्या लेखकांनी प्रमाण मराठीतून सुरुवात केली आणि आत्मकथनांतून वस्तीची बोली उघड माथ्याने आत आली, त्याची इथे आठवण होते.

सेम्बेन हा मासेमाराचा मुलगा. जन्म १९२३. शिक्षण अर्धवट. मार्सेयच्या गोदीत त्याने हमाली केली, कामगार संघटनेत काम केले, तिथेच वाचायला आणि लिहायला लागला, कादंबरीकार झाला. मग त्याच्या ध्यानात आले, की ज्यांच्यासाठी आपण लिहितो त्यांतल्या बहुतेकांना वाचताच येत नाही. वयाच्या चाळिशीत तो मॉस्कोला जाऊन चित्रपट शिकला. हे वाचताना मला अण्णा भाऊ साठे आठवले. जन्म १९२०. शाळा जवळजवळ नाहीच. मुंबईत मिळेल ते काम, गिरणी, कम्युनिस्ट पक्ष, लाल बावटा कलापथक. तेही १९६१ साली रशियाला जाऊन आले आणि त्यांनी प्रवासवर्णन लिहिले. त्यांच्या कादंबऱ्यांवर मराठीत चित्रपट निघाले. पण कॅमेरा इतरांच्याच हाती राहिला. १९६९ साली अण्णा भाऊ हलाखीत गेले. सेम्बेन २००७ पर्यंत जगला आणि अखेरपर्यंत स्वतःचे चित्रपट काढत राहिला. दोघांच्या प्रतिभेत मी तुलना करत नाही. हाती साधन असणे आणि नसणे याने काय फरक पडतो, एवढेच दाखवतो.

चित्रपटाच्या शेवटाकडे दियुआना भेट दिलेला मुखवटा परत घेते, मजुरीचे पैसे परत करते आणि आत्महत्या करते. मालक तिची पेटी, मुखवटा आणि पैसे घेऊन डाकारला तिच्या आईकडे जातो. आई पैसे घेत नाही. ती पाठ फिरवून निघून जाते. एक लहान मुलगा तो मुखवटा चेहऱ्यावर धरून मालकाच्या मागे मागे चालत राहतो आणि मालक जवळजवळ पळत सुटतो.

चर्चेत एका विद्यार्थिनीने विचारले, 'सर, दर वेळी आपलंच माणूस का मरतं? मेल्याशिवाय आपली गोष्ट मोठी होत नाही का?' वर्गात शांतता पसरली. जानेवारी २०१६ मध्ये हैदराबाद विद्यापीठात रोहित वेमुला गेला, तेव्हा ही मुलगी शाळेत होती. तिच्या प्रश्नात ते सगळे होते. मी तिला सांगितले की सेम्बेनची गोष्ट वर्तमानपत्रातल्या खऱ्या बातमीवरून आलेली आहे, त्याने मृत्यू रचलेला नाही. हे उत्तर खरे आहे, पण पुरेसे नाही. आपल्या दुःखाचे शेवटचे टोक दाखवल्याशिवाय प्रेक्षक हलत नाही, असे कलावंताला वाटू लागले की तो प्रेक्षकाच्या सोयीने चालू लागतो. प्रेक्षक डोळे पुसतो आणि घरी जातो. सेम्बेनचा चित्रपट यातून वाचतो तो त्या मुखवट्यामागच्या पोरामुळे. कारण ते पोर रडत नाही, पाठलाग करते.

तिच्या प्रश्नाचे अधिक चांगले उत्तर मला पुढच्या चित्रपटात मिळाले. चार्ल्स बर्नेट या कृष्णवर्णीय दिग्दर्शकाचा 'किलर ऑफ शीप'. लॉस एंजेलिसच्या वॉट्स या वस्तीत तो लहानाचा मोठा झाला. ऑगस्ट १९६५ मध्ये तिथे मोठा उद्रेक झाला होता आणि ३४ माणसे मेली होती. बर्नेटने विद्यापीठातला आपला प्रबंध म्हणून हा चित्रपट केला. शनिवार-रविवारी चित्रण, ओळखीपाळखीची माणसे, दहा हजार डॉलरपेक्षाही कमी खर्च. १९७७ साली तो पूर्ण झाला. पण त्यात वापरलेल्या गाण्यांचे हक्क घ्यायला पैसे नव्हते, म्हणून चित्रपटगृहात तो रीतसर लागला २००७ साली. तीस वर्षांनी. चित्रपटाला लागले त्याच्या कितीतरी पट, म्हणजे सुमारे दीड लाख डॉलर, त्या हक्कांना लागले. आपण १९७२ साली ब्लॅक पँथरवरून दलित पँथर हे नाव घेतले, त्यांच्या कविता वाचल्या, भाषणे वाचली. त्याच दशकात वॉट्समधला एक पोरगा वस्तीचे रोजचे जगणे फिल्मवर उतरवत होता, याचा मात्र आपल्याला पत्ता नव्हता.

या चित्रपटात कथानक असे नाही. स्टॅन कत्तलखान्यात मेंढ्या कापतो. त्याला झोप येत नाही. बायको त्याच्याजवळ येऊ पाहते, त्याच्यात त्राण नसते. पोरे पडक्या जागेत खेळतात, या छपरावरून त्या छपरावर उड्या मारतात. एकदा स्टॅन आणि त्याचा मित्र साठवलेल्या पैशातून गाडीचे जुने इंजिन विकत घेतात. ते धूड जिन्यावरून उतरवताना दोघांचा जीव मेटाकुटीला येतो. शेवटी ते गाडीच्या मागच्या कडेवर टेकवतात. गाडी सुरू होते, इंजिन खाली पडते, फुटते. दोघे उतरून पाहतात आणि निघून जातात. एवढेच. आमच्या विद्यार्थ्यांत हशा पिकला आणि लगेच विरला. त्यांतल्या पुष्कळांच्या घरी असे एकेक इंजिन पडलेले आहे. कुणाची म्हैस, कुणाची हप्त्यावरची रिक्षा, कुणाची विहीर.

आमच्यातल्या एका कार्यकर्त्याला हा चित्रपट पटला नाही. 'यात विद्रोह कुठे आहे? हा तर पराभव आहे,' असे तो म्हणाला. त्याचे म्हणणे मी हसण्यावारी नेत नाही. आपल्या समीक्षेने विद्रोहाचा निकष फार मोलाने मिळवला आहे. पण निकषाची फूटपट्टी झाली की तिच्यात न मावणारे जगणे दिसेनासे होते. स्टॅन एके ठिकाणी चिडून म्हणतो, की आपण गरीब नाही, आपण जुन्या वस्तू दानसंस्थेला देतो, गरीब असतो तर दिल्या असत्या का? हे ऐकून मला माझे वडील आठवले. दारी आलेल्याला रिकाम्या हाताने पाठवणे त्यांना अपमान वाटे, मग घरात पीठ असो वा नसो. गरिबी मान्य न करणे हा भ्रम आहे असे शास्त्र म्हणेल. मला तो नकारच वाटतो, फक्त त्याची घोषणा झालेली नाही. त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर इथे आहे. या चित्रपटात दुःखाचे प्रदर्शन करायला कुणी मरत नाही. माणसे दुसऱ्या दिवशी पुन्हा कामावर जातात. हे दाखवायलाही धैर्य लागते.

आता विद्यार्थ्यांच्या सर्वांत आवडत्या चित्रपटाविषयी. बाँग जून-हो यांचा 'पॅरासाइट', २०१९. कानचा सर्वोच्च पुरस्कार, पाठोपाठ ऑस्कर. माझे मत थोडे वेगळे आहे. चित्रपट कमालीचा बांधेसूद आहे, एक क्षण मान वळवू देत नाही. अर्धतळघरात राहणारे गरीब कुटुंब थापा मारून श्रीमंताच्या घरी एकेक करून नोकरीला लागते. श्रीमंताला त्यांच्या अंगाचा वास येतो. हा वास चित्रपटभर फिरतो आणि शेवटी मालकाने नाक धरल्यावर सुरी चालते. आपल्यातल्या प्रत्येकाला हे कळते. तरीही एका ठिकाणी मी अडलो. त्या घरातली मुलगी म्हणते, हा वास तळघराचा आहे, इथून बाहेर पडल्याशिवाय जायचा नाही. म्हणजे बाहेर पडले तर जाईल. वर्ग आणि जात यांतला फरक या एका वाक्यात आहे. आपल्यातला माणूस तळघरातून तिसऱ्या मजल्यावर जातो, साहेब होतो, अत्तर लावतो; शेजाऱ्याला आडनाव कळले की वास पुन्हा येऊ लागतो. हा दोष बाँग यांचा नाही, त्यांनी त्यांच्या समाजाविषयी सांगितले आहे. दोष आपल्याकडच्या त्या समीक्षकांचा, जे 'पॅरासाइट' पाहून विषमतेवर हळहळतात आणि 'फँड्री' पाहून 'अजून असे असते का हो?' असे विचारतात. दूरच्या गरिबावर प्रेम करायला फारसे काही लागत नाही.

'फँड्री' नागराज मंजुळे यांचा, २०१३ चा. त्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. कैकाडी घरातला जब्या, शाळेच्या भिंतीवरची महापुरुषांची चित्रे आणि त्याच भिंतीसमोरून खांद्यावर वाहून नेलेले डुक्कर. शेवटी जब्या भिरकावतो तो दगड कॅमेऱ्यावर येतो. तो दगड आणि सेम्बेनचा मुखवटा यांचे नाते मला जवळचे वाटते. दोन्ही ठिकाणी लहान पोर पाहणाऱ्याला स्वस्थ बसू देत नाही. फरक असा, की मालकाला पळायला विमान होते, 'फँड्री'च्या प्रेक्षकाला त्याच गावात राहायचे आहे.

चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' (२०१४) मी पुन्हा पाहिला तो एका दृश्यासाठी. नारायण कांबळे या लोकशाहिरावर खटला आहे, की त्याच्या गाण्यामुळे गटारात उतरणाऱ्या एका कामगाराने आत्महत्या केली. ही भूमिका वीरा साथीदार यांनी केली. ते स्वतः चळवळीतले, २०२१ साली करोनाने गेले. मृत कामगाराची विधवा साक्ष द्यायला येते. नवरा कसा उतरत असे, वायूने त्याचा डोळा कसा गेला, हे ती कोरड्या आवाजात सांगते. नंतर बचावाचा वकील तिला आपल्या गाडीतून सोडतो आणि पैसे देऊ करतो. ती घेत नाही. काम असेल तर द्या, म्हणते.

डाकारची आई आणि मुंबईची ही विधवा. दोघींनी पैसे नाकारले. मी यावर एक व्याख्यानच तयार केले होते. नकार हे आपल्या सौंदर्यशास्त्राचे मूळ, वगैरे. हाताने मैला साफ करण्याविरुद्ध १९९३ साली कायदा झाला, २०१३ साली दुसरा झाला. गटारात मेलेल्याच्या कुटुंबाला दहा लाख द्यावेत असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितले, २०२३ मध्ये ती रक्कम तीस लाख केली. मृत्यूची किंमत वाढते, मृत्यू मात्र थांबत नाहीत. म्हणून पैसे नाकारणारी बाई हीच खरी न्यायाधीश, असा माझा निष्कर्ष होता.

तो निष्कर्ष वस्तीत टिकला नाही. विद्यार्थ्यांच्या आग्रहावरून 'ब्लॅक गर्ल' आम्ही वस्तीतल्या विहारात दाखवला. अक्षरे इंग्रजीत, म्हणून मी पडद्याशेजारी उभा राहून मराठीत सांगू लागलो. ती काय म्हणते, मालकीण काय म्हणते, याचा अर्थ काय. पत्राचे दृश्य आले. मालक लिहायला बसला आणि माझे सांगणे चालूच होते. तेवढ्यात मागून एक चुलती म्हणाली, 'आरं लेकरा, गप बस की जरा. दिसतंय आमाला.' मी गप्प बसलो. उरलेला चित्रपट त्यांनी माझ्याशिवाय पाहिला, आणि त्यांना तो पूर्ण कळला.

नंतर बोलणे निघाले ते पैशावरूनच. चुलती म्हणाली, 'बरं केलं न्हाई घेतले. घेतले असते तर पोर इकल्यावानी झालं असतं.' तिच्या शेजारची बाई, जिचा नवरा विहिरीच्या कामावर दरड कोसळून गेला, ती म्हणाली, 'तुला काय जातंय बोलाया? म्या घेतले. तीन वर्सं खेटे घातले तवा मिळाले. पोरं शिकली त्याच्यावर. पैका बी घ्यायचा, अन् तोंडावर इचारायचं बी, माझा माणूस कुणी मारला?' दोघींचा वाद बराच वेळ चालला. माझे व्याख्यान खिशातच राहिले.

नकार मोठा की हक्काने वसूल करणे मोठे, याचा निकाल मी इथे देत नाही. पण ज्या समीक्षेत या दोघींचा वाद नाही ती समीक्षा, मग ती प्रस्थापितांची असो की आपली, पडद्याच्या एकाच बाजूने पाहणारी आहे असे मला आता वाटते. ज्यांच्याजवळ प्रोजेक्टर आहे त्या शिक्षकांनी आणि कार्यकर्त्यांनी हे चित्रपट वस्तीत न्यावेत. दाखवावेत, आणि दाखवताना थोडे कमी बोलावे.

त्या रात्री घरी येऊन मी दोघींचे बोलणे वहीत उतरवून घेतले. या वेळी एकही शब्द बदलला नाही.